बरा आहे

आषाढातला शुक्रवार. कणकवलीहून आचऱ्याला जाणाऱ्या एसटीत बसलो होतो. मांडीवर बाजाराच्या दोन पिशव्या, शेजारच्या बाईंच्या छत्रीचं पाणी थेंब थेंब माझ्या चपलेत. तेवढ्यात डोंबिवलीहून भाच्याचा निरोप आला. भाचा म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून आठ गाण्यांचा अल्बम केला होता, शब्द मालवणी, साथीला गिटार आणि पखवाज. आदल्या मध्यरात्री तो बाहेर पडला होता. (नाव मुद्दाम देत नाही. घरचीच जाहिरात केल्यासारखं होईल.) निरोपाखाली एकच ओळ होती : 'मामा, ऐक आणि खरं सांग.' माझ्या इअरफोनचं एक बोंड बंद पडून वर्ष झालंय, दुसरं कानात घातलं. पहिलं गाणं बरंचसं गाडीच्या गिअरखाली गेलं. दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा कंडक्टर सुट्टे मागत समोर उभा. पिशव्या सांभाळत खिसे चाचपले, तिकीट घेतलं, आणि मग पुन्हा गाणं लावायचा कंटाळा आला म्हणून, की त्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून, मी लिहिलं, 'बरा आहे.' फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेर लावणीची शेतं बघत बसलो.

चार दिवसांनी ताईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झालं, पाऊस, भात, सुपारीची गळ. मग म्हणाली, "तू त्याका 'बरा आहे' म्हणून लिवलंस?"

म्हटलं, हो, लिहिलं.

"पोरगो दोन दिवस धड जेवूक नाय. तेका वाटता मामाक आवडलो नाय."

मी लगेच हसून सारवासारव केली. अगो, आपल्याकडे 'बरो आसा' म्हणजे बरोच मा, चांगलाच. त्याला तिकडची भाषा लागली, त्यात माझा काय दोष? ताईलाही ते पटलं. तीही हसली. फोन ठेवला आणि मग मात्र मला चैन पडेना.

माझं म्हणणं तसं खोटं नव्हतं. आमच्याकडे 'बरा' या शब्दाची किंमत घाट चढला की उतरते. लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस हात धुता धुता "जेवण बरां होता" म्हणाला, की आचाऱ्याला पावती मिळाली. सुरमई बरी, मुलगी बरी, दशावतारातला संकासूर बरो. याच्यावर फार तर "बरोच" असतं, आणि ते वर्षातून एखाद्या वेळी, तेही मान हलवत, स्वतःशीच. तोच शब्द प्रमाण मराठीत 'बरा आहे' झाला की त्याचा अर्थ होतो, चालेल, वाईट नाही, पुढचं बोला. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा सहकाऱ्याच्या घरी पहिल्यांदा जेवलो आणि वहिनींना म्हणालो, भाजी बरी झाली आहे. पुढच्या खेपेला त्यांनी मला नुसता चहा दिला. तेव्हा हे दोन 'बरे' मला चांगले ठाऊक होते. बसमध्ये मी मालवणीत विचार केला आणि प्रमाण मराठीत लिहिलं, असं कुणालाही सांगता आलं असतं. पण मी दीडच गाणं ऐकलं होतं. दोन अर्थांचा शब्द हाताशी होता, तो मी वापरला. आवडलं असं तो समजला असता तर ठीक, नाही समजला तरी मी खोटं बोललो नव्हतो.

असं मत आमच्या कंडक्टरांनी दिलं नसतं.

हे म्हणजे सुट्टे मागणारे नव्हेत. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वाडीत वस्तीची गाडी यायची, तिच्यावरचे. रात्री नऊच्या सुमाराला गाडी देवळाजवळ लागायची, ड्रायव्हर गाडीतच पथारी टाकायचे आणि कंडक्टर आमच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, यायचे, कारण आमच्याकडे टेप होता. कणकवली बाजारात एक कॅसेटचं दुकान होतं, आठ फूट बाय दहा. एका भिंतीला छापील कॅसेटी, दुसऱ्या भिंतीला कोऱ्या. कोऱ्या कॅसेटीत गाणी भरून मिळायची. कागदावर यादी लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी यायचं. साठ मिनिटांची घेतलीत तर एका बाजूला अर्धा तास, नव्वदची घेतलीत तर पाऊण तास, पण नव्वदची फीत पातळ, गुंतायची. दुकानासमोर एक बाकडं होतं आणि त्या बाकड्यावर नव्या कॅसेटींचे निकाल लागत. आमचे कंडक्टर गाडी सुटायच्या आधीची वीस मिनिटं तिथे घालवत, नवी कॅसेट दुकानदार अण्णांकडून एका रात्रीसाठी मागून घेत, आणि तिकिटांच्या पेटीत ठेवून आमच्या घरी आणत. पहिली बाजू ते डोळे मिटून ऐकत. हातात तिकिटं पंच करायचा चिमटा असे, त्याने ठेका धरत. टिक टिक टिक. दुसरी बाजू लावायच्या आधी तंबाखू मळत. सकाळी साडेसहाच्या गाडीने निकाल कणकवलीला पोचे, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर वाटला जाई. "पैली बाजू घे. दुसऱ्या बाजूक कायच नाय." आता कॅसेटची एक बाजू कशी घ्यायची, हे कुणी विचारत नसे.

त्यांची एक खोड होती, तीमुळे मला ते अजून आठवतात. कॅसेट घातल्यावर ते लगेच मत देत नसत, आधी टेप दुरुस्त करत. टेपचं हेड असतं त्याच्या शेजारी एक बारीकसा स्क्रू असतो, खाली स्प्रिंग. फितीच्या संगतीने हेड अगदी काटकोनात उभं नसेल तर वरचे सूर मारले जातात, झांज कापसात गुंडाळल्यासारखी वाजते. आणि एका यंत्रावर भरलेली कॅसेट दुसऱ्या यंत्राला बसतेच असं नाही. कंडक्टर घड्याळजीचा बारीक पेचकस खिशात बाळगत. कॅसेट वाजत असतानाच झाकणाच्या छिद्रातून तो आत घालत आणि पाव फेरा फिरवत. आवाज दबे, आणखी दबे, मग एकदम उघडे. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत, गायकाने श्वास घेतलेलाही कळे. मग ते पेचकस पुसून म्हणत, "आता बोला." पावसाळ्यात त्यांना काम जास्त. आमच्या हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, ती हेडला लागते. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून ते हेड पुसत, बोळा तपकिरी होई. आई कॅसेटी कपाटात ठेवी आणि कपाटात श्रावण संपेपर्यंत पंधराचा दिवा जळत ठेवी. बाबा विजेचं बिल बघून दर महिन्याला एकदा तो दिवा बंद करत.

'रोजा'चं संगीत आलं तेव्हा त्या बाकड्यावर जवळजवळ मारामारी झाली. मूळ तमिळ चित्रपट १९९२ चा, आमच्यापर्यंत गाणी हिंदीत आली. जुन्या जाणत्यांचं म्हणणं, ही गाणी नव्हेत, हे यंत्र बोलतंय. कॉलेजची मुलं म्हणत, तुम्हाला खर्ज ऐकूच येत नाही. मी त्या वेळी जाणत्यांच्या बाजूने होतो, वयाने नसलो तरी. पुढे मुंबईत एका मित्राकडे मोठ्या स्पीकरवर तीच गाणी ऐकली आणि खाली बसलो. खाली एक आख्खा मजला होता. आमच्या टेपच्या चार इंची स्पीकरला तो मजला दिसतच नव्हता. ए. आर. रहमान या माणसाबद्दलचं आमच्या वाडीचं सहा महिन्यांचं मत त्या चार इंचांचं होतं.

चतुर्थीच्या आधी बाकड्याला खरा भर येई. नव्या भजनांच्या, गणपतीच्या गाण्यांच्या कॅसेटी त्याच पंधरवड्यात येत आणि उरलेल्या चाकरमानी मुंबईहून घेऊन येत. एसटीच्या टपावर बांधलेल्या खोक्यात मखराचं सामान, आणि हातातल्या पिशवीत, फुटू नये म्हणून, कॅसेट. डबलबारीचे शौकीन तर वेगळीच जात. रात्रभर दोन बुवांचा सामना ऐकून पहाटे भज्यांच्या गाडीवर उभे राहिलेले, डोळे लाल, आणि तोंडात एकच वाद : गजर कुणाचा चढला, गौळणीची चाल कुठल्या सिनेमावरून ढापलेली, पखवाजी मात्रा खाऊन गेला की नाही. त्याच बुवाची कॅसेट आली की हेच लोक नाक मुरडत. प्रत्यक्षातली मजा नाय. आणि तरी विकत घेत.

अशा एका चतुर्थीच्या आधी एक बुवा स्वतः दुकानात आले. नाव सांगत नाही, ते आता नाहीत, आणि तेव्हाही फारसं कुणाला माहीत नव्हतं. स्वतःच्या पैशाने शंभरेक कॅसेटी काढल्या होत्या. नायलॉनच्या पिशवीतून वीस काढून अण्णांसमोर ठेवल्या, खपल्या तर पैसे द्या, नाहीतर परत नेतो. अण्णांनी एक लावली. बाकड्यावर आम्ही पाच-सहा जण. बुवा दाराच्या चौकटीला टेकून उभे, पायात रबरी चपला, कपाळावर बुक्का. पहिली बाजू सात-आठ मिनिटं वाजली असेल. कंडक्टरांच्या गाडीची वेळ झाली होती. उठताना ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूक कायच नसतला." नेहमीचंच वाक्य, त्यांचं पेटंट. आम्ही हसलो. मी तर मोठ्याने हसलो, कारण मोठ्या माणसांत बसल्याची चढ होती. बुवांनाही हसावं लागलं. त्यांनी अण्णांचा चहा घेतला, कप उपडा ठेवला आणि कॅसेटी तिथेच ठेवून गेले. चतुर्थी झाल्यावर परत न्यायला आले तेव्हा सतरा होत्या की अठरा. त्या दिवशी पेचकस खिशातून बाहेर निघाला नव्हता, हे मला गेल्या महिन्यात, ताईच्या फोननंतर, पडवीत झोपाळ्यावर बसून आठवलं.

म्हणून जुन्या काळाचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. आम्ही सावकाश ऐकायचो, खरं आहे. पुढे ढकलायचं बटण होतं पण ते दाबलं की मोटर कुरकुरायची आणि अण्णा डोळे वटारायचे, त्यामुळे नावडतं गाणंही कानावरून जायचं. चौथ्यांदा ऐकताना ते आवडायला लागायचं. पण उतावळेपणा तेव्हाही होता. कॅसेटच्या पुठ्ठ्यावरचा फोटो बघून निकाल देणारे होतेच की.

अल्बम हा शब्दच मुळात बाइंडिंगच्या दुकानातला. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून लांब संगीत असलं की चार-सहा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या पाकिटांत घालून बांधत. तो अल्बम. १९४८ मध्ये ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी आली, सगळं एकीत मावायला लागलं आणि वही गेली, नाव राहिलं. आता तर तबकडीही नाही. त्या तीन-साडेतीन मिनिटांत आमच्या किनाऱ्याने काय काय कोंबलंय. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो', तेवढ्याच वेळाची. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात ती आहे. जाते आहे अजून. तिच्यावर अद्याप कुणाचं मत आलेलं नाही.

गणपतीत भाचा आला. माझ्याशी नेहमीसारखाच वागला, वाकून नमस्कार केला, फुगडीत बायकांना चिडवलं. रात्री आरत्या झाल्यावर खळ्यात चटई टाकून फोन बघत पडला होता, मी शेजारी बसलो. त्याच्या अल्बमबद्दल विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी एकूण कारभार विचारला. तर म्हणे, आता सगळीकडेच शुक्रवारी नवं निघतं. २०१५ च्या जुलैपासून जगभराचा तो वार ठरलाय. आमच्याकडे शुक्रवार माशांचा, मी म्हटलं. तो हसला. एका मोठ्या गायकाचा बावन्न मिनिटांचा अल्बम रात्री बारा वाजता आला आणि बारा वाजून नऊ मिनिटांनी 'मास्टरपीस' असा शेरा पडलेला त्याने दाखवला. त्याच्या खालचा, बारा अकराचा, 'कचरा'. मी गुणाकार-भागाकार करायला गेलो तर म्हणाला, मामा, असं मोजायचं नसतं. मोजतात ते वेगळंच. काही ठिकाणी गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. तीस सेकंदांत आमचे बुवा पेटीचा भाता नीट करतात आणि खाकरतात. म्हणून मग आता गाण्याला सुरुवातच नसते, तो म्हणाला, एकदम मध्येच दार उघडायचं. "तुझ्या गाण्यांना आहे सुरुवात?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आपण काय विचारलं हे माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

"आहे ना," म्हणाला. "पहिल्यालाच आहे. पन्नास सेकंद."

आणि फोनमध्ये डोकं घातलं. आतून कुणीतरी करंजी खायला बोलावलं, तो उठून गेला.

तो गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात पावसाने पुन्हा धरलं. दुपारी लाइट गेली. घरात मी एकटाच. फोनमध्ये अठ्ठावीस टक्के होते. म्हटलं, आता. कौलांवर पाऊस इतका की फोनचा आवाज पोचेना, म्हणून धुऊन पालथा ठेवलेला टोप सुलटा केला, फोन त्यात उभा ठेवला. आवाज एकदम लोटाभर झाला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकतीस मिनिटं, मधे उठलो नाही. पहिल्या गाण्याची सुरुवात म्हणजे रहाटाचा कुरकुरणारा आवाज आणि त्यावर हळूच गिटार, पन्नास सेकंद मोजून. बसमध्ये मला तो आवाज एसटीचाच वाटला होता. दुसरं गाणं मला अजूनही आवडत नाही, त्यात 'आवशीची हाक' तीनदा येते, एकदा पुरली असती. तिसऱ्यात तो मालवणी शब्द डोंबिवलीच्या जिभेने म्हणतो, 'झील' म्हणताना चुकतो, तिथे मी मान फिरवली. पण पाचवं. पाचव्यात नुसती झांज, एक झांज, थोडी मागे पडणारी, जशी आमच्या वाडीच्या भजनात कायम मागे पडते आणि कुणी दुरुस्त करत नाही. त्यावर तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, आजोबांच्या होडीबद्दल, जी त्याने पाहिलेली नाही. ते मी चार वेळा लावलं. टक्के अकरावर आले.

मग लिहायला बसलो. लांबलचक लिहिलं, बोटं थांबत थांबत. आधी लिहिलं की त्या दिवशी बसमध्ये दीडच गाणं ऐकलं होतं आणि 'बरा आहे' हे त्या दीड गाण्याचंही मत नव्हतं. मग एकेका गाण्याचं. दुसऱ्यातली हाक. 'झील' कसं म्हणायचं. पाचव्याची झांज. आणि शेवटी, खरं सांग म्हणाला होता म्हणून, एक मोठी तक्रार : आठही गाण्यांत पखवाज पत्र्यासारखा वाजतो. डाव्या पुडीला कणीकच लावली नाही असा. घुमायला हवा तिथे खणखणतो. कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं होतं. हे लिहिताना मला मी जरा कंडक्टरांसारखा वाटलो, आणि बरंही वाटलं. पाठवून दिलं.

उत्तर यायला वेळ लागला. 'लिहितोय' असं दिसे, जाई, पुन्हा दिसे. पाऊस थोडा ओसरला होता, पागोळ्या अंगणातल्या दगडावर पडत होत्या. शेवटी आलं.

'मामा, ऐकलास कशावर?'

मी खरं ते लिहिलं. टोपात.

यावर काहीच आलं नाही, मग हसून लोळणारे चार चेहरे आले, आणि त्यांच्याखाली, 'काढ आधी बाहेर.'

टोपात हात घालून फोन उचलला. नीट धुतला गेला नव्हता बहुतेक, फोनच्या पाठीला सकाळच्या पेजेचं एक शीत चिकटून आलं. ते नखाने काढलं, सहा टक्के होते, आणि पहिलं गाणं परत लावलं, फोन कानाला धरून.